गोधडी, लोकर आणि शेपू : एका बाळंतविड्याची तयारी

भाचीला डिसेंबरात बाळ होणार हे मे महिन्यात कळलं, तेव्हाच मी ठरवलं की बाळंतविडा विकत आणायचा नाही. गोधडी हाताने शिवायची, स्वेटर, टोपडं आणि मोजे विणायचे, आणि बाळंतिणीच्या ताटातला शेपू आमच्या गच्चीवरचा असायला हवा. मी नाशिकला राहते आणि नोकरी पूर्ण वेळ करते. मोकळा वेळ म्हणजे सकाळचा तासभर, रात्रीची जेवणं उरकल्यावरचा वेळ आणि रविवार. तिन्ही छंद जुनेच, पण तिन्हींना एकच तारीख गाठायची आहे असं पहिल्यांदाच होत होतं.

वारांप्रमाणे वाटणी मी केली नाही. गोधडीला मोकळी जमीन आणि दिवसाचा उजेड लागतो. विणकामाला जागा लागत नाही, पण हात स्वच्छ आणि बोटं मऊ हवीत. बागेला सकाळ लागते, तीही रोज. भेंडीला रविवारपर्यंत थांब म्हणून चालत नाही, ती तोवर निबर होते. त्यामुळे कुठलं काम कधी करायचं हे घड्याळाऐवजी ऋतूवर आणि हातांवर सोडलं.

गोधडी सगळ्यात आधी घेतली, कारण पावसाळ्यात कापड नीट वाळत नाही आणि दमट थर शिवले की आत कुबट वास धरतो. आईची दोन जुनी सुती लुगडी आणि सासऱ्यांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर काढलं. खळ निघून जावी म्हणून सगळं गरम पाण्यात भिजवलं आणि कडक उन्हात वाळवलं. खळ राहिली तर सुई जड चालते आणि कपड्याला कसर लागते. लाल काठाचा रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहिलं. तो जात होता, म्हणून काठ कापून बाजूला ठेवला, जरी मला तोच सगळ्यात आवडला होता. बाळाच्या अंगाखाली जाणाऱ्या कापडाबाबत तडजोड नको.

शेजारच्या आजींनी उभ्या आयुष्यात किती गोधड्या शिवल्या असतील, त्यांनाही सांगता येणार नाही. त्या येऊन बसल्या आणि थर हाताने सारखे करत म्हणाल्या, "कच्चे टाके मधनं बाहेर घाल गं पोरी, आन् पक्का दोरा कडंनं आत ने. नाहीतर मधी फुगा राहतो बघ." तसंच केलं. वर-खाली लुगड्याचे अखंड तुकडे, आत धोतराचे दोन थर. आधी मधून चारी बाजूंना लांब कच्चे टाके, मग कडेपासून चौकोनी फेरे धरत धावदोरा. दोऱ्याच्या गाठी वर कुठेही ठेवल्या नाहीत, सगळ्या थरांच्या आत ढकलल्या. मणी, आरसे, बटणं यांना तान्ह्या बाळाच्या गोधडीत जागा नाही. लांबी-रुंदी साधारण एक मीटर ठेवली, म्हणजे घडी घालून दिवाणावर ठेवता येते आणि बैठकीची खोली अडून राहत नाही. सकाळच्या उजेडात मृगाच्या आधी शेवटचा फेरा संपला. घडीत कडुनिंबाचा वाळवलेला पाला घातला. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांजवळही ठेवू नयेत.

पावसाळा बागेचा. गच्चीवर दोडका, काकडी, भेंडी आणि अळू. वेलांना फळमाशी लागते म्हणून फळं धरायच्या आधीच सापळे टांगले. मावा दिसला की लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारायचं. सगळ्यात जास्त वेळ वाचवला तो कुंड्यांमधल्या पालापाचोळ्याच्या जाड थराने. तण कमी आलं, आणि ऑक्टोबरच्या उन्हातही दिवसातून एकदा पाणी पुरलं. छंद तीन असतील तर आधी कुंड्या झाकाव्यात असं मी आता कुणालाही सांगते.

विणकाम पावसाळ्यातच सुरू केलं, पण रात्री. मातीत काम केलं की बोटांची टोकं खरखरीत होतात आणि लोकरीचे तंतू त्यात अडकतात. म्हणून खुरपताना हातमोजे घालायचे, आणि खोबरेल तेल लावायचं ते विणकाम आवरल्यावर, झोपताना. आधी लावलं तर डाग लोकरीला पडतात. मेन रोडवरच्या दुकानातून बाळांसाठीची मऊ ॲक्रिलिक लोकर आणली. मेंढीची लोकर ऊब जास्त देते हे खरं, पण ती कोवळ्या कातडीला टोचते आणि रोजच्या धुण्यात आटते.

काठाला 12 नंबरच्या सुया, बाकीला 10 नंबरच्या. आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यामुळे काठ आपोआप घट्ट बसतो. दहा सेंटीमीटरचा चौकोनी नमुना विणून टाके मोजले आणि मग माप काढलं. स्वेटर पुढून उघडा ठेवला, कारण मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून काही चढवणं अवघड असतं. माप तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचं घेतलं. जानेवारीत निफाडकडचा पारा एक आकडी होतो, नाशिकलाही कडाका असतो, आणि नेमका तेव्हाच स्वेटर आखूड झालेला चालणार नाही. ओळ पूर्ण झाल्याशिवाय सुया खाली ठेवायच्या नाहीत आणि ओळीचा आकडा वहीत लिहायचा, एवढं पाळलं. त्यामुळे डबा खाऊन झाल्यावरची दहा मिनिटंही कामी आली. पुण्याला जाताना बसमध्ये एक अख्खी बाही झाली.

दसऱ्यानंतर मात्र तिन्ही कामं एकमेकांवर आली. दोडक्याचे वेल काढायचे, कुंड्यांत शेणखत मिसळायचं, टोपडं अर्धं, आणि गोधडीचे कच्चे टाके उसवून ती एकदा धुऊन वाळवायची. तेव्हा एका रविवारी मी विणकाम पूर्ण बाजूला ठेवलं आणि फक्त माती धरली. शेपू नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरला नाही तर डिसेंबरात मिळणार कुठून? मोजे आठवडाभर उशिरा झाले तरी पायांना गोधडी आहे. उशीर झाला तर कुठलं काम भरून काढता येतं, एवढंच विचारून निवड केली. मेथी आणि शेपू एकदम न पेरता दर आठवड्याला एकेक कुंडी पेरली, म्हणजे हिरवी जुडी रोज कोवळी मिळते.

बाळ सांगितलेल्या तारखेच्या आधी आलं. मुलगी. गोधडी, स्वेटर, टोपडं तयार होतं, मोज्यांची जोडी निम्मी. ती मी दवाखान्यात भाचीच्या खाटेशेजारी बसून पूर्ण केली. ती म्हणाली, "मावशी, आता तरी सुया ठेव आणि हिला घे."

शेपूची पहिली जुडी बाराव्या दिवशी निघाली, बारशाच्या सकाळी. मुगाची डाळ आणि लसूण घालून ताईने भाजी केली. मेथी अजून चालू आहे. आईच्या लुगड्याचा जो लाल काठ बाजूला ठेवला होता, तो मिठाच्या पाण्यात भिजवून, पुन्हा पुन्हा धुऊन आता रंग सोडायचा थांबलाय. येत्या उन्हाळ्यात मोठी गोधडी घालायची आहे, भाचीसाठी, आणि तिच्या कडेला तोच लावणार आहे.