एकाच तबल्याचे तीन ‘ना’

आपल्या शाळेच्या संगीत खोलीत तबल्याची एकच जोडी होती. १९८७ साली, मी आठवीत असताना, सर आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवायचे. पाठीमागे तिघे जण आळीपाळीने तबल्याचा फक्त ‘ना’ हा बोल वाजवायचे: सर, वर्गातला एक मित्र आणि घंटा देणारे शिपाईमामा. कोणी वाजवला ते आम्ही ओळखायचं. पहिल्या आठवड्यात काही कळेना. दिवाळीपर्यंत मात्र एकही चूक होईनाशी झाली.

मामा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाची थाप त्यांच्या पंजात मुरलेली, त्यामुळे त्यांचा ‘ना’ रुंद यायचा, देवळातल्यासारखा. मला तो फार आवडायचा, अजूनही आवडतो. मित्राचं बोट चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कातड्याच्या कडेवर, पडून तिथेच रेंगाळायचं, नाद कोंडायचा. सरांची तर्जनी तापल्या तव्याला लागल्यासारखी पडायची नि उठायची, अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेवर अलगद टेकलेली. ती अनामिका पुडीचा, म्हणजे त्या ताणलेल्या कातड्याचा, मूळ घुमारा दाबते आणि वरचे स्वर मोकळे सोडते. तिचा भार जरा वाढला की आस, म्हणजे बोलामागे तरंगणारा नाद, गेलीच. शाईमुळे या वरच्या स्वरांचा मेळ कसा जमतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. मला ते कॉलेजात गेल्यावर समजलं, पण कानाला आधीच ठाऊक होतं.

एकदा सरांनी टेपरेकॉर्डरवर अहमदजान थिरकवाँचं एकलवादन लावलं. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला बसलेले तेच खाँसाहेब. ‘धाधा तिट धाधा तिंना’ आम्हीही रोज घोटायचो, बोल अगदी पाठ होते. पण खाँसाहेबांच्या हातून प्रत्येक अक्षर सुटं, गोल आणि भरलेलं येत होतं. सर एवढंच म्हणाले, “बोल पुस्तकात मिळतील. निकास, म्हणजे बोल हातातून काढायची रीत, मात्र हातालाच शोधावा लागतो.” त्या संध्याकाळी मी घरी पाटावर बोटं आपटत बसलो होतो, आईने जेवायला हाक मारेपर्यंत.

मी वादक झालो नाही. पण आजही रेडिओवर तबला लागला की निवेदकाने नाव सांगायच्या आत मी हात ओळखू पाहतो.

गेल्या महिन्यात शाळेच्या स्मरणिकेच्या बैठकीला आलो, तेव्हा संगीत खोलीत एक मुलगी तोच तबला वाजवत होती. लाकडी खोड जुनंच, पुडी नवी. मी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून तास संपेपर्यंत ऐकत उभा राहिलो.