अकोट्यातला रामेन

बडोद्याला आत्याकडे गेलं की संध्याकाळ ठरलेली असते: सूरसागर तलावाला एक फेरी आणि मग सेव-उसळ. या खेपेला आतेबहिणीने त्यात मोडता घातला. "अकोट्यात रामेनचं हॉटेल निघालंय, चल." रामेन म्हणजे सूपातल्या जपानी नूडल्स. दांडिया बाजारातून सोलर पॅनेलांच्या सावलीचा पूल ओलांडला की अकोटा. खाली विश्वामित्री. मगर दिसेल म्हणून मी दर वेळी मान वाकडी करतो. अजून दिसलेली नाही. आत्या मागच्या सीटवरून म्हणत होती, "सूपच ना? घरी केलं असतं की."

हॉटेल लहान, मोजकी टेबलं, काउंटरपलीकडे उघडं स्वयंपाकघर. मेनूत चिकन, व्हेज आणि जैन. रामेन आणि जैन! मी हसलो. आतेबहिणीने मुद्दाम तेच मागवलं, मी आणि आत्याने व्हेज.

काउंटरवरचा मुलगा रावपुऱ्यातला निघाला. आत्याने "मराठीच का रे तू?" विचारलं आणि मग त्याची सुटका नव्हती. वाडग्याच्या तळाशी त्याने सोया सॉसचा गडद अर्क ओतला, त्याला तारे म्हणतात. त्यावर उकळतं सूप, मग जाळीतून झटकलेल्या नूडल्स, शेवटी वासाचं तेल. नूडल्स पिवळसर दिसल्या म्हणून आत्याने हळद आहे का विचारलं. "नाही काकू, पिठात कान्सुई असते. सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट."

"म्हणजे पापडखारच की."

"त्याच घरातलं."

नूडल्स खरोखर उत्तम. दाताखाली तुटताना प्रतिकार करणाऱ्या, चिकट अजिबात नाहीत. आत्याला भुरके मारायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि रामेन तसाच खायचा असतो.

तोन्कोत्सु रामेनमध्ये डुकराची हाडं तासन् तास उकळून सूप दुधाळ करतात. इथे तो प्रश्नच नाही. इथे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम. याच कोंबूतून जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ग्लुटामेट, म्हणजे उमामी या खमंग चवीचं मूळ द्रव्य, वेगळं केलं होतं. मशरूमसोबत ती चव कैक पटींनी चढते. दाटपणाला सोया दूध आणि तीळ. पहिले काही घोट मी बोललोच नाही.

घोडं अडलं ते तारेवर. त्यात मिरिन आणि साके या तांदळाच्या जपानी दारू लागतात, आणि गुजरातेत 1960 पासून दारूबंदी. मुलगा साखर आणि व्हिनेगरवर भागवतो. अर्धं वाडगं संपेपर्यंत गोडवा वर येऊन बसतो. आत्या म्हणाली, "जरा मोळंच आहे," म्हणजे सपक, आणि मिरचीचं तेल ओतून घेतलं. बरं केलं.

जैन वाडग्यात कांदा, लसूण, आलं नाहीच, मशरूमही नाही. कोंबूला जोड टोमॅटोची. त्यातही ग्लुटामेट भरपूर. मला वाटलं होतं, पाणी असेल. पण ते सगळ्यात नेमकं होतं. नंतर आठवलं, जपानी बौद्ध मठांतला स्वयंपाकही कांदा-लसणाशिवायच होतो. मी उगाच हसलो होतो. पुढच्या खेपेला तेच मागवणार.

शेजारच्या टेबलावरच्या काकांनी जाताना पार्सल मागितलं. मुलाने सूप वेगळं, नूडल्स वेगळ्या बांधल्या आणि बजावलं, "घरी गेल्यावर एकत्र करा, लगेच खा." काका म्हणाले, "रात्री दहाला खाऊ." मुलाने आत्याकडे बघितलं. आत्याने काकांना गुजरातीत असं काही सुनावलं की ते पुन्हा खुर्ची ओढून बसले.