तुम्ही विचारलंत म्हणून: भत्ता दिला तर पोरं कामाला जातील का?

मी सांगली जिल्ह्यात आयटीआयला फिटर ट्रेड, म्हणजे यंत्रांचे भाग घासून-मापून जोडायचं काम, शिकवतो, त्यामुळे लग्नात, एसटीत, कुठंही भेटलं की लोक हेच विचारतात, सर आताच्या पोरांना काम नकोच आहे, त्यात सरकारनं बसून पैसे दिले तर काय होणार?

काम नको असलेली पोरं असतात, नाही असं नाही. पण माझ्याकडची बरीचशी अडतात ती पहिल्याच महिन्यात. समजा पुण्याजवळ चाकणला कारखान्यात लागला, पगार होणार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला, तोवर कॉट बेसिसची रूम घ्यायची तर डिपॉझिट, मेसवाल्याला अॅडव्हान्स, बसभाडं, आणि बाप द्राक्षबागेत मजुरीला जातोय, पैसे आणायचे कुठून? उसनवारी संपली की पोरगं परत येतं आणि गाव म्हणतं टिकला नाही.

तयारी कच्ची असते हे मात्र खरंय. व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या साधनावर, मेन स्केलचे 24 मिमी वाचतात आणि थांबतात, खालची सातवी रेघ जुळलीय, एक रेघ 0.02 ची, म्हणजे 24.14, हे लक्षातच येत नाही. कानस मारताना हात डुलला की जॉब, म्हणजे घासायचा लोखंडी तुकडा, मधोमध फुगतो, ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावला की कडेनं उजेड दिसतो. हे बोलून येत नाही हो, महिनोनमहिने हात चालवावा लागतो, आणि तेवढे दिवस पोटाला आधार लागतो.

म्हणून राज्य सरकारची 2024 ची युवा कार्य प्रशिक्षण योजना मला पटली, काम शिकताना महिन्याला बारावीला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10000. पण फिटर पोरगं ऑफिसात फाइली लावत बसलं तर हात कुठून बसणार, ते मला अजिबात पटत नाही.

भत्ता म्हणजे नवीन खूळ असंही नाही. वि. स. पागे आपल्या तासगाव भागातलेच, त्यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमीच्या 1977 च्या कायद्यात काम मागून 15 दिवसांत मिळालं नाही तर भत्ता द्यायचा असं लिहिलेलंच आहे. ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यातही, नोकरी गेल्यावर 90 दिवसांपर्यंत निम्म्या पगाराची सोय आहे, पण ती आधी नोकरी केलेल्याला, पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्याला तिचा काय उपयोग?

जतच्या पलीकडं कर्नाटकात बेरोजगार पोरांसाठी युवा निधी आहे, महिन्याला पदवीधराला 3000, डिप्लोमावाल्याला 1500, जास्तीत जास्त 2 वर्षं, नोकरी लागली की बंद. मला विचाराल तर बंद करायची घाई तिथंच नको. नोकरी लागल्यावर निदान दोन पगार हातात पडेपर्यंत तरी पैसे चालू ठेवा, कारण पोराला सगळ्यात जास्त गरज त्याच दिवसांत असते, आणि तेव्हाच त्याच्या मागं कोणी नसतं.