वाफ न येणारी थंडी

१३ डिसेंबर, शनिवार. एडिसन, न्यू जर्सी

दुपारभर कपड्यांच्या घड्या आणि हॉलमार्क चॅनलवरचा ख्रिसमसचा सिनेमा. आई कऱ्हाडहून आलीय. तिला टीव्हीवरचं इंग्रजी जेमतेम कळतं, पण या सिनेमांना तेवढं पुरतं. पहिल्या दहा मिनिटांतच तिनं निकाल देऊन टाकला, "तो फोनवरचा काही खरा नव्हे. हा झाडं विकणाराच करणार बघ हिच्याशी लग्न."

झाडं विकणारा म्हणजे नायक. चौकड्यांचा शर्ट, विधुर, सोबत एक बोलघेवडी मुलगी. नायिका न्यूयॉर्कात मोठ्या हुद्द्यावर, सणावारात काडीचा रस नाही. आजीची बेकरी विकायला म्हणून दोन दिवसांसाठी गावी येते आणि अडकते. मग जिंजरब्रेडची स्पर्धा, चौकातल्या झाडावर दिवे लावायचा समारंभ, एकमेकांच्या नाकाला पीठ. दोघं अगदी जवळ आले की नेमकं कुणीतरी दार उघडतं. जाहिराती. शेवटाकडे एक गैरसमज, जो एका फोनवर मिटला असता. आणि अगदी शेवटी, बर्फ भुरभुरायला लागला की चुंबन. एकच.

मला हे सगळं पाठ आहे, म्हणूनच तर बघते. साधुवाण्याची नौका बुडणार आणि कलावतीनं परत जाऊन प्रसाद घेतला की वर येणार, हे ठाऊक असूनही सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायाला कुणी उठून जात नाही. (शिरा बाकी असतो, हेही आहेच.) आठवडाभर ऑफिसात लेऑफची कुजबुज ऐकल्यावर शनिवारी तरी मला नौका वर येणारच अशी गोष्ट हवी असते.

आईचं लक्ष मात्र भलतीकडेच. "अगं, एवढ्या बर्फात यांच्या तोंडातून वाफ कशी येत नाही?"

सकाळी डेकवर पाखरांना दाणे टाकायला गेली, तेव्हा स्वतःच्याच श्वासाची वाफ बघून ती हरखली होती, म्हणून तिच्या नजरेत भरलं. मी सांगितलं, यातले बरेचसे सिनेमे कॅनडात, व्हँकुव्हरच्या आसपास होतात, आणि पुष्कळदा ऐन उन्हाळ्यात. एकेक सिनेमा साधारण पंधरा दिवसांत उरकतात. बर्फ नकली, नट लोकरी कोटात घामाघूम. मग आम्ही दोघी सिनेमा सोडून हेच बघत बसलो. कोटाची बटणं उघडी, मफलर नुसता शोभेला, पांढऱ्या रस्त्यामागचं झाड चांगलं हिरवंगार. नायिकेनं हॉट चॉकलेटचा कप हातात धरून असे हातवारे केले की आई म्हणाली, "रिकामाय तो." आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ दुसऱ्या दिवशी काळा चिखल होतो, मीठ टाकून बुटांची वाट लागते. त्या गावात फावडं कुणाच्याच हातात दिसत नाही.

हॉलमार्क हे मुळात शुभेच्छापत्रांचं घराणं. जॉइस हॉल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा १९१० साली बुटांच्या दोन खोक्यांत पोस्टकार्डं भरून कॅन्सस सिटीला आला, तिथून ही कंपनी. चॅनल २००१ चं, आणि ख्रिसमसची ही दोन-अडीच महिन्यांची रांग २००९ पासूनची. हल्ली ती ऑक्टोबरातच सुरू होते, म्हणजे आमची दिवाळी अजून व्हायची असते तेव्हा कधीकधी. सिनेमाही कार्डासारखाच: पुढं चित्र, आत दोन ओळी, वाईट काही नाही.

एका गोष्टीचा मात्र मला दरवेळी राग येतो. शहरातली नोकरी हीच खलनायक. बाईनं लॅपटॉप मिटला, गावी राहिली, की शहाणी झाली. गावातच राहिलेल्या बाईला शहर सापडलं आणि ती सुखी झाली, असा सिनेमा यांनी दाखवला तर मी सुट्टी काढून बघेन. मला कऱ्हाडला कायमचं परतायचं आहे असंही नाही. फक्त हा प्रश्न जाहिराती धरून दोन तासांत सुटतो, याचा हेवा वाटतो.

बेकरी वाचली, पाटी रंगवून झाली. आई म्हणाली, "पोरगी गावात राहिली. आई खूश झाली असेल हिची." मी टॉवेलची घडी नीट करत राहिले. मग तीच म्हणाली, "पण बिस्किटांवर भागणारे का यांचं?"

"इन्शुरन्सचं काय, तेही कुणी विचारत नाही," मी म्हटलं.

लगेच पुढचा लागला. गाव दुसरं, नायक दुसरा, नटी तीच. आईनं चष्मा पुसून परत लावला.

"अगंबाई, ही परत नोकरीला लागली?"