काकीच्या माडावरचा कोळी

"काय गो, कोळ्याचे फोटो कित्याक काढतंस?" काकीने विचारलं तेव्हा मी माडाला नाक लावून उभी होते. कुडाळजवळचं आमचं घर, जूनचा शेवटचा आठवडा, पाऊस नुकताच उघडलेला. ओल्या खोडावर जेमतेम पाच मिलिमीटरचा एक कोळी अख्खं अंग वळवून माझ्याकडे बघत होता. जंपिंग स्पायडर असेच असतात. जाळं विणून वाट बघत बसत नाहीत, सावजावर झेप घेतात, आणि आपण बघतोय हे कळलं की तेही बघतात. समोरचे दोन डोळे मोठे, काळेभोर. नजर ठेवली तर मध्येच ते मधाच्या रंगाचे होतात, कारण डोळ्याच्या आतली नळी हलत असते.

कोळ्यांचा नाद मला सात-आठ वर्षांचा. नोकरी पुण्यात, गणित शिकवते. तरी हा कुठल्याच फोटोशी जुळेना. फोटो एका अभ्यासक सरांना पाठवला. उत्तर आलं, "नर आहे, पण वयात आलेला नाही. सांभाळ."

वयात न आलेल्या कोळ्यावरून नवी जात, म्हणजे स्पीशीज, सहसा ठरवत नाहीत. रंगावरही भरवसा नाही, नमुना अल्कोहोलमध्ये जपतात आणि त्यात तो फिका पडतो. खरी ओळख पाल्पमध्ये असते. तोंडाशी पायांसारखे दोन आखूड अवयव असतात, ते पाल्प. नराच्या पाल्पच्या टोकाशी वीर्य भरून ठेवायची आणि मादीत सोडायची सगळी यंत्रणा असते, आणि तिची घडण जातीगणिक वेगळी. ती शेवटची कात टाकल्यावरच उघडी होते.

मग तो कोळी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत बसून माझ्याबरोबर पुण्याला आला. झाकणाला सुईने भोकं, आत ओला कापूस, खायला पिकल्या केळ्यावरची चिलटं. बारा दिवसांनी सकाळी डबीत दोन कोळी दिसले. त्यातली एक कात होती.

पुढच्या पावसाळ्यात आणखी चार नर आणि तीन माद्या मिळाल्या. बाग घरचीच, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीचा प्रश्न आला नाही. मादी ह्याच नराची कशावरून, हा प्रश्न मात्र आला. नर-मादी इतके वेगळे दिसतात की एकाच कोळ्याला दोन नावं दिल्याची उदाहरणं आहेत. आम्हाला ही जोडी झावळीच्या बेचक्यात एकाच रेशमी कोषात दोनदा सापडली, म्हणून धीर आला.

आता फजितीचं सांगते. नमुन्यांच्या पहिल्या नळ्यांत टाकायची लेबलं मी बॉलपेनने लिहिली. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये महिन्याभरात शाई विरघळली आणि तीन नळ्यांत कोरे कागद तरंगत राहिले. ठिकाण-तारीख नसलेला नमुना म्हणजे नुसता मेलेला कोळी. तेव्हापासून फक्त पेन्सिल.

दुसरी फजिती मोठी. डावा पाल्प काढून त्याचे फोटो घ्यायचे असा रिवाज आहे, म्हणजे सगळ्यांची चित्रं एकाच बाजूची येतात. मी चिमटा जरा जास्त दाबला. पाल्प टिचकी मारल्यासारखा उडाला. अर्ध्या मिलिमीटरची वस्तू, प्रयोगशाळेची मोझॅकची फरशी. टॉर्च घेऊन दोन तास रांगले. सर दारात आले, काही न विचारता चपला काढून तेही रांगायला लागले. सापडला नाहीच. शेवटी उजव्या पाल्पचे फोटो आरशातल्यासारखे उलटे केले आणि खाली प्रामाणिकपणे तसं लिहिलं.

मादीचं काम त्या मानाने शांत. पोटाखालची एपिजाईन, म्हणजे मादीच्या जननेंद्रियाचा भाग, कापून केओएच नावाच्या तीव्र अल्कलीत ठेवायची. मांस विरघळतं आणि आतल्या नळ्यांची वळणं काचेसारखी स्वच्छ दिसतात. त्या संध्याकाळी मी मायक्रोस्कोपवरून उठलेच नाही.

पण हे सगळं सोपं. अवघड काय, तर हा कोळी आधी कुणीच नोंदवलेला नाही हे दाखवणं. प्राण्यांची शास्त्रीय नावं १७५८पासून धरतात. कोळ्यांना मात्र खास सवलत आहे: स्वीडनच्या कार्ल क्लेर्कने १७५७मध्ये दिलेली नावंही चालतात. म्हणजे तिथवर मागे जायचं. बर्नच्या संग्रहालयातून चालणारा वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग नसता तर मी केव्हाच हात टेकले असते. जगातल्या कोळ्यांच्या सगळ्या मान्य जातींची नोंद तिथे फुकट बघता येते. २०२२मध्ये त्यात पन्नास हजारावी जात आली, दक्षिण अमेरिकेतली, आणि तीही जंपिंग स्पायडरच. हे कुळ कोळ्यांमध्ये सगळ्यात मोठं, सहा हजारांवर जातींचं.

आमचा कोळी ज्या वंशातला, म्हणजे जीनसमधला, त्यातल्या बाकीच्या जाती चित्रांवरून बाद झाल्या. एक उरली. शंभर वर्षांपूर्वीची, फक्त मादी, लॅटिनमध्ये पाच ओळी, चित्र नाही. त्या पाच ओळींत आमचीही मादी बसत होती, शेजारच्या घरातली कुठलीही बसली असती. मूळ नमुना युरोपातल्या एका संग्रहालयात. मेल टाकला, आठवण केली, पुन्हा आठवण केली. सात महिन्यांनी फोटो आले. नळ्यांची वळणं साफ वेगळी. मी वर्गात होते, फळ्यावर गणित अर्धं टाकून मुलांना म्हटलं, दोन मिनिटं थांबा.

नावावर घरात चर्चा झाली. काकीचं मत, तुझंच दे. नियम तसं करू नको म्हणत नाही, पण स्वतःचं नाव देणं फार वाईट दिसतं. सरांनी आयसियस तुकारामीचं उदाहरण दिलं. ठाणे परिसरातल्या त्या जंपिंग स्पायडरला २०२१मध्ये शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं. माणूस पुरुष असेल तर शेवटी 'ई', बाई असेल तर 'ए', गावाच्या नावावरून 'एन्सिस'. विशेषण असेल तर ते वंशाच्या नावाच्या लिंगाप्रमाणे बदलायचं. म्हणजे मराठीसारखंच, चांगला-चांगली-चांगलं.

जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. डबीत मोठा झालेला तो पहिला नर होलोटाइप झाला, म्हणजे नाव त्याला बांधलेलं. आता त्याला नोंदणी क्रमांक आहे आणि पेन्सिलीने लिहिलेलं लेबल.

लेख शोधपत्रिकेला पाठवला. दोन परीक्षकांपैकी एकाने तीन पानं लिहून पाठवली: मादीचा पुरावा सविस्तर द्या, चौथ्या चित्रात स्केल बार (आकार दाखवणारी रेघ) नाही, आणि लेखिकेचं इंग्रजी तपासून घ्या. पहिल्या दोन गोष्टी बरोबर होत्या. तिसरीचा राग अजून गेलेला नाही. दुरुस्त्या गेल्या महिन्यात धाडल्या.

म्हणून नाव इथे लिहीत नाही. वर्णनाशिवाय बाहेर आलेल्या नावाला नियमात काही किंमत नसते. लॅटिनमध्ये त्याला नोमेन नूडम म्हणतात, उघडंनागडं नाव. काकीला हे समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे बारशाआधी सांगूचा नाय, मग तसा सांग ना."