तुम्ही विचारलेत म्हणून: ते घर रस्त्याच्या खाली का?

माझी छोटी रेल्वे पाहायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण इंजिनापाशी थोडा रेंगाळतो आणि मग स्टेशनामागच्या गल्लीतल्या तिसऱ्या घरावर बोट ठेवून विचारतो, "हे घर रस्त्याच्या खाली गेले आहे, माप चुकले का?" काहींच्या सुरात काळजी असते, काहींच्या सुरात चूक सापडल्याचा आनंद. आजवर मी "मुद्दाम केले आहे" एवढेच सांगत आलो आणि विषय बदलत आलो.

माप चुकलेले नाही. चुकलेच असतील तर रूळ चुकले आहेत. परभणीचे स्टेशन मी मीटरगेजच्या, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असे त्या जुन्या काळातले केले आहे. १:८७ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मापात, मीटरगेजचे रूळ साडेअकरा मिलिमीटर अंतरावर हवेत, आणि माझे आहेत १६.५ मिलिमीटरवर, कारण सहज मिळाले ते तेवढेच. रुळांत पाच मिलिमीटरची सूट घेणाऱ्या माणसाने गल्लीच्या अर्ध्या मिलिमीटरसाठी महिने घालवावेत, यात विसंगती आहे. ती तुम्ही दाखवण्याआधी मीच सांगून टाकतो.

पहिली गल्ली मी काळा पॉलिश पेपर चिकटवून केली होती आणि दोन्ही कडांना सरळसोट फुटपाथ काढले होते. ती देखणी होती आणि खोटी होती. डांबर नवे असते तेव्हाच काळे असते, नंतर ते राखाडी होत जाते. शिवाय पॉलिश पेपरवरचा अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे खऱ्या रस्त्यावरची जवळजवळ साडेचार सेंटिमीटरची खडी. म्हणून दुसऱ्या वेळी सनबोर्डवर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतले, ओलसर असतानाच सुईने तडे ओढले, कडेला साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे फूटभर रुंदीची, नाली कोरली. शहाबादी फरशी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची केली: दोन फुटांची फरशी सात मिलिमीटरची, आणि प्रत्येक घरापुढे निराळ्या छटेची व निराळ्या पातळीची, कारण आमच्याकडे ज्याने त्याने आपल्या दारापुरती फरशी बसवलेली असे. प्लास्टरला आधी प्रायमर न देता पातळ काळा रंग फिरवला, तो प्लास्टरने पिऊन टाकला आणि एक अख्खा तुकडा फेकावा लागला. एरवी ती गल्ली मला साधली होती. नालीच्या कडेला शेवाळाची रेघ होती, शेतातून आलेल्या चाकांनी आणलेल्या काळ्या मातीचे वळ होते.

दिवाळीला दादा आला. मी नोकरीसाठी पुण्याला गेलो त्यानंतरही तो त्याच घरात राहिला. त्याने चष्मा लावला, वाकून गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि आपल्या घरापाशी थांबला. मला वाटले, ओट्याचे कौतुक करील. दोन पायऱ्यांचा तो ओटा मी तीनदा केला होता. तो म्हणाला, "आपल्या दारात चढून कुठे जावे लागायचे? उतरून जावे लागायचे."

मी लगेच वाद घातला. मीटरगेज होते तेव्हा ओट्याला दोन पायऱ्या होत्या, हे मला पक्के आठवत होते आणि ते खरेही होते. पुढे रस्ता करणाऱ्यांनी जुना थर न उकरता त्यावर डांबर टाकले, डांबरावर मुरूम, मुरमावर सिमेंट. एक पायरी गेली, मग दुसरी, मग उंबराच रस्त्याखाली गेला. शेजाऱ्यांनी घरे पाडून उंच जोत्यावर नवी बांधली. आम्हाला ते जमले नाही. दर मृगाला अण्णा दारात विटांचा बांध घालत आणि रात्री पाऊस वाढला की ते आणि दादा घमेल्याने पाणी बाहेर काढत. हे सगळे मला पत्रांतून कळत असे. पत्रात पाणी घोट्यापर्यंतच असायचे.

"ते नंतरचे," मी म्हणालो. "गाडी मीटरगेजची आहे." दादा काही बोलला नाही. त्याने चष्मा घडी करून खिशात ठेवला, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

पंधरा दिवसांनी मी गल्लीवर पाच मिलिमीटर प्लास्टर ओतले. शेजारची घरे उचलून नव्या जोत्यांवर बसवली, आमचे जागेवर ठेवले. साडेतीन मिलिमीटरचा ओटा बुडाला आणि उंबरा दीड मिलिमीटर खाली गेला. नंतर लक्षात आले की जुना रस्ता मीही उकरला नव्हता.

आता मीटरगेजची गाडी सिमेंटच्या रस्त्याशेजारून धावते, आणि कालक्रम जाणणारे पाहुणे त्यावरही बोट ठेवतात. त्यांचे बरोबर आहे. ओटा करणारा पूर्वीचा मीही बरोबर होतो, असे मला अधूनमधून वाटते, आणि वरचा थर खरवडून काढायचा विचार येतो. या उन्हाळ्यात दादा पुन्हा आला तेव्हा त्याने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "विटा राहिल्या."

खरी वीट नऊ इंचांची धरली तर माझ्या प्रमाणात ती अडीच मिलिमीटरहून थोडी मोठी येते. तशा अकरा कापून, गेरूने रंगवून डबीत ठेवल्या आहेत. अजून चिकटवलेल्या नाहीत.