मस्टँग ५.० चे इंजिन सुधारताना: आधी हेड, मग कॅमशाफ्ट

१९८७ ते १९९३ या काळातल्या फोर्ड मस्टँग ५.० ची ताकद वाढवायची म्हटले की अनेक जण सर्वांत आधी मोठा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा, घेतात. त्याचा खडबडीत आवाज मोहात पाडतो, हे मी समजू शकतो. तरीही माझे ठाम मत असे आहे की या इंजिनात कॅमशाफ्टची निवड सर्वांत शेवटी व्हावी, कारण या गाडीचे दुखणे मुळात तिथे नाहीच.

या इंजिनाचा खालचा भाग चांगलाच भक्कम आहे. चार इंचांचा बोअर (सिलिंडरचा व्यास), तीन इंचांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि आठ सिलिंडर मिळून ३०२ घनइंच, म्हणजे नावात ५.० असले तरी प्रत्यक्षात सुमारे ४.९ लिटर होतात. १९८७ ते १९९२ या काळात या इंजिनाची जाहीर ताकद २२५ अश्वशक्ती आणि टॉर्क ३०० पाउंड-फूट होता. १९९२ पर्यंतच्या गाड्यांत फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन आहेत, कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे रोलर लिफ्टरही मूळचेच आहेत. मग एवढ्या मोठ्या इंजिनाचा दम वरच्या फेऱ्यांना का कोंडतो, याचे उत्तर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या झाकणात, सापडते.

मूळचे ई-सेव्हन हेड उतरवून बाकावर उलटे ठेवावे आणि एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये, म्हणजे जळालेला वायू बाहेर जाण्याच्या वाटेत, बोट घालून पाहावे. आत छताला एक उंचवटा लागतो. प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये बाहेरची हवा सोडण्याची जी व्यवस्था होती, तिच्यासाठी तो ठेवलेला आहे, आणि जळालेल्या वायूला नेमक्या त्याच अरुंद जागेतून वळण घेत बाहेर पडावे लागते. त्यात व्हॉल्व्हही लहान: इनटेकचा (हवा आत घेणारा) १.७८ इंच आणि एक्झॉस्टचा १.४६ इंच. अशा हेडखाली कितीही मोठा कॅमशाफ्ट बसवला तरी व्हॉल्व्ह फक्त जास्त वेळ उघडा राहतो, वाट मात्र तेवढीच अरुंद राहते, आणि खालच्या फेऱ्यांचा टॉर्क हातचा जातो.

फोर्डचेच जीटी-४० हेड हा यावरचा कमी खर्चाचा मार्ग आहे. १९९३ च्या मस्टँग कोब्राला तेच हेड आणि त्याच जातीचा इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांकडे वाटून देणारा भाग) होता, आणि तिची जाहीर ताकद २३५ अश्वशक्ती होती. पुढे ही हेड फोर्डच्याच एक्सप्लोरर गाडीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनावर आली, त्यामुळे भंगारातल्या एक्सप्लोररवरून ती काढता येतात. नंतरच्या एक्सप्लोररवरचे जीटी-४०पी हेड त्याहून सरस वाहते, पण त्यातल्या स्पार्क प्लगचा कोन वेगळा असल्यामुळे नेहमीचे हेडर (एक्झॉस्टचे खास नळ) प्लगच्या आणि वायरच्या आड येतात. तेव्हा हेडरही त्याच हेडसाठीचे घ्यावे लागतात. खर्चाची तयारी असेल, तर मी सरळ ॲल्युमिनियमच्या नव्या हेडकडे वळेन आणि इनटेक व कॅमशाफ्ट त्याच हेडच्या वहनाशी जुळवून एकत्रच निवडेन.

हवा वाढली की तिचा हिशेबही नीट व्हावा लागतो. १९८८ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत संगणक हवा मोजतच नाही. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचे फेरे पाहून तो कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरून अंदाज बांधतो. मोठ्या कॅमशाफ्टमुळे निष्क्रिय फेऱ्यांवरचा (गाडी उभी, इंजिन मंद चालू असतानाचा) व्हॅक्यूम, म्हणजे मॅनिफोल्डमधली ओढ, घटला, की इंजिनावर भार आला असे त्याला वाटते, तो पेट्रोल वाढवतो आणि गाडी जागच्या जागी गुरगुरत वरखाली होऊ लागते. कॅलिफोर्नियातल्या गाड्यांना १९८८ मध्ये आणि बाकीच्यांना १९८९ पासून हवा प्रत्यक्ष मोजणारा मीटर मिळाला. जुन्या गाडीतही मीटरवाल्या गाड्यांतला ए-नाइन-एल संगणक, मीटर आणि मोजक्या वायरी घालून हा बदल करता येतो. हेड बदलण्याच्या आधी हे काम उरकावे.

इंजेक्टरचे गणित कागदावर मांडता येते. मूळचा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) तासाला १९ पाउंड पेट्रोल देतो; आठांचे मिळून १५२ पाउंड. त्यांना ८५ टक्क्यांपलीकडे ताणायचे नाही आणि एका अश्वशक्तीला तासाला अर्धा पाउंड पेट्रोल लागते असे धरले, तर मर्यादा २५८ अश्वशक्तीच्या आसपास येते. २४ पाउंडांच्या इंजेक्टरने ती ३२६ पर्यंत जाते. मोठ्या इंजेक्टरसाठी मुद्दाम कमी हवा दाखवणारे मीटर मिळतात, पण ते मला मुळीच पसंत नाहीत. संगणक त्याच हवेवरून इंजिनावरचा भार ठरवतो, आणि भार कमी दिसला की ठिणगी लवकर देतो, त्यामुळे ऐन ताकदीच्या वेळी इंजिन ठोके देऊ लागते. त्यापेक्षा संगणकाच्या जे-थ्री पोर्टमध्ये चिप बसवून त्याला खऱ्या इंजेक्टरची माहिती द्यावी.

नवे हेड कायमचे आवळण्यापूर्वी व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर तपासलेच पाहिजे. पिस्टनच्या माथ्यावर मुले खेळतात तसल्या मऊ मातीचा थर द्यावा, हेड बसवावे, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा, मग हेड काढून माती सुरीने कापून तिची जाडी मोजावी. इनटेकच्या बाजूला किमान दोन मिलिमीटर आणि एक्झॉस्टच्या बाजूला किमान अडीच मिलिमीटर उरायला हवेत. हायड्रॉलिक लिफ्टर दाबले जाऊन फसवे माप देतात, म्हणून तेवढ्यापुरत्या व्हॉल्व्हला हलक्या स्प्रिंग लावाव्यात.

मर्यादाही लक्षात ठेवाव्या लागतात. मूळचा ब्लॉक ५०० अश्वशक्तीच्या आसपास मधोमध चिरल्याची उदाहरणे आहेत, आणि गाडीचा मूळचा टी-फाइव्ह गिअरबॉक्स त्याच्या कितीतरी आधी कुरकुरू लागतो. कॅलिफोर्नियात गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर प्रदूषणाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक सुट्या भागाला तिथल्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

इंजिन सुरू होऊन तापले की टायमिंग (ठिणगी केव्हा पडते ते) तपासताना डिस्ट्रिब्यूटरजवळचा, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाजवळचा, स्पाउट कनेक्टर आधी काढावा. तो जागेवर असेपर्यंत संगणक स्वतःचे टायमिंग त्यात मिसळत राहतो. टायमिंग लाइटखाली खूण दहा अंशांवर आणावी, डिस्ट्रिब्यूटर आवळावा, खूण हलली नाही ना हे पुन्हा पाहावे आणि मगच कनेक्टर परत लावावा.